उन्हाच्या गावाला जाऊन या: फलोदी, पोखरण आणि आबू रोड

जैसलमेरला जाऊन आलेला तुमच्या ओळखीतला कुणीही काय सांगतो? सोनेरी किल्ला, उंटाची सफर, वाळूत बसून पाहिलेला सूर्यास्त, रात्री तंबूसमोरचा नाच. सगळं खरं आहे आणि सगळं छानही आहे. पण जोधपूर ते जैसलमेर हा रस्ता बहुतेक जण गाडीत झोपून काढतात. मी तुम्हाला नेमका तोच रस्ता जागेपणी पाहायला सांगणार आहे, कारण या पट्ट्यात उन्हाच्या दोन कहाण्या शेजारी शेजारी राहतात.

पहिली विजेची. हे ऊन आरशांनी एकत्र करून त्याची वाफ आणि वाफेची वीज करण्याचे भारतातले सगळ्यात मोठे प्रयोग याच वाळूत झाले. दुसरी औषधाची. तेच ऊन इन्सुलिनची बाटली, मुलाच्या लसीची कुपी आणि आजोबांची गोळी बिघडवू शकतं. त्यामुळे इथे औषध पोहोचवणं म्हणजे नुसती वाहतूक नाही, उन्हाला चुकवत केलेला प्रवास आहे.

या दोन गोष्टींचा एकमेकींशी काय संबंध, असं वाटत असेल तर थोडं थांबा. प्रवास संपेपर्यंत तो आपोआप कळेल.

जोधपूर ते फलोदी

मुंबई आणि पुण्याहून जोधपूरला थेट रेल्वे आहे. सकाळी जोधपुरात गरम मिरचीवडा खाऊन निघा आणि वायव्येचा रस्ता धरा. वाटेत ओसियां लागतं. तिथली जुनी मंदिरं पाहायला तासभर काढा. पुढे झाडं विरळ होत जातात. खेजडी उरते, थोडी बोरीची झुडपं उरतात आणि आभाळ मोठं होत जातं. जोधपूरपासून साधारण १४० किलोमीटरवर फलोदी येतं.

फलोदीचं नाव तुम्ही बातम्यांत ऐकलं असेल. १९ मे २०१६ रोजी इथे ५१ अंश सेल्सिअस तापमान नोंदलं गेलं आणि देशातल्या उच्चांकाच्या यादीत या गावाचं नाव लागलं. एक गोष्ट मुलांना जरूर सांगा: हवामान खात्याचा हा आकडा सावलीतला असतो. जाळीच्या पांढऱ्या पेटीत, जमिनीपासून वर ठेवलेल्या तापमापकाचा. उघड्या वाळूचं, पत्र्याच्या छपराचं किंवा बंद गाडीच्या डॅशबोर्डचं तापमान त्याहून कितीतरी जास्त असतं. औषधाचा ट्रक किंवा दुचाकीला लटकवलेली पिशवी सावलीत नसते, ती या दुसऱ्या तापमानात असते.

म्हणून इथे मे महिन्यात जाऊ नका. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. त्या दिवसांत फलोदीजवळच्या खीचन गावात हजारो कुरजा पक्षी उतरलेले असतात. मध्य आशिया आणि मंगोलियाकडून हिमालय ओलांडून येणारे हे राखाडी क्रौंच. गावकरी त्यांच्यासाठी रोज सकाळी धान्य टाकतात. लहान मुलं बरोबर असतील तर खीचनची एक सकाळ त्यांच्या कायम लक्षात राहील. थंडीच्या दिवसांत इथलं ऊन अगदी गोड लागतं, उन्हाळ्यात हेच गाव कसं तापत असेल याची कल्पनाही येत नाही.

आरशांचं शेत

लहानपणी भिंगाने कागद जाळला असेलच. ऊन तेवढंच, पण एका ठिपक्यात गोळा केलं की कागद पेट घेतो. सौर औष्णिक वीज म्हणजे हाच खेळ, फार मोठ्या प्रमाणावर.

छपरावर दिसणाऱ्या निळ्या-काळ्या सौर पॅनेलपेक्षा हे तंत्र वेगळं आहे. पॅनेल उजेडाची थेट वीज करतं. औष्णिक प्रकल्पात आधी उष्णता तयार होते. अर्ध्या पन्हाळीसारखे वळवलेले लांबच लांब आरसे सूर्याबरोबर पूर्वेकडून पश्चिमेकडे हळूहळू फिरत राहतात. त्यांच्या मधोमध एक नळी असते आणि तिच्यातून खास तेल वाहतं. सगळं ऊन त्या नळीवर पडतं आणि तेल चारशे अंशांच्या जवळपास तापतं. त्या तेलाने पाण्याची वाफ होते आणि वाफेवर टर्बाईन फिरतं. शेवटची पायरी कोळशाच्या वीजघरासारखीच. फरक इतकाच की इथे कोळसा नाही आणि धुराडं नाही.

जैसलमेर जिल्ह्यात पोखरण तालुक्यातल्या नोख गावी असा ५० मेगावॉटचा प्रकल्प २०१३ च्या जूनमध्ये सुरू झाला. त्याच जिल्ह्यात धुरसरला १२५ मेगावॉटचा प्रकल्प २०१४ साली उभा राहिला. तिथे वळवलेल्या आरशांऐवजी सपाट आरशांच्या लांब पट्ट्या वापरल्या आहेत. प्रत्येक पट्टी थोड्या वेगळ्या कोनात झुकते आणि सगळ्या मिळून ऊन वरच्या नळीवर पाठवतात. सपाट काच वळवलेल्या काचेपेक्षा स्वस्त, असा त्यामागचा हिशोब.

एक सूचना: ही सहलीची ठिकाणं नाहीत. आत जायला कंपनीची परवानगी लागते, फोटोंवर बंधनं असतात, आणि पोखरणचा परिसर लष्करी दृष्टीनेही संवेदनशील आहे. रस्त्यावरून दिसेल तेवढं पाहा, ड्रोन उडवू नका.

आता प्रश्न येतो: एवढं चांगलं तंत्र असेल, तर असे प्रकल्प गावोगावी का नाहीत?

२०१० साली राष्ट्रीय सौर मिशन सुरू झालं, तेव्हा पहिल्या टप्प्यात अशा सात प्रकल्पांना मंजुरी मिळाली होती, एकूण ४७० मेगावॉटच्या. त्यातले मोजकेच पूर्ण झाले. कारणं बरीच होती. आरशांना थेट, धारदार ऊन लागतं. हवेत धूळ किंवा पातळ ढग असले की ऊन विखुरतं आणि आरशाला ते एका रेषेत गोळा करता येत नाही. पॅनेल मात्र विखुरलेल्या उजेडावरही थोडंफार चालतं. प्रत्यक्षात मिळणारं थेट ऊन कागदावरच्या अंदाजापेक्षा कमी भरलं. आरसे धुवायला, वाफेला पाणी लागतं, आणि या भागात पाण्याचा मोठा आधार म्हणजे दूरवरून येणारा इंदिरा गांधी कालवा. त्यात एवढ्यात पॅनेलच्या किमती झपाट्याने कोसळल्या.

त्याचा परिणाम फलोदीच्या उत्तरेला भडला गावी पाहता येतो. तिथलं सौर उद्यान २,२४५ मेगावॉटचं आहे, जगातल्या मोठ्या सौर उद्यानांपैकी एक, आणि तिथे सगळी पॅनेलच आहेत. धूळ झाडायला तिथे पाण्याशिवाय चालणारे यंत्रमानवही वापरले जातात. स्वस्ताईच्या शर्यतीत पॅनेल जिंकलं.

पण पॅनेलची एक अडचण राहिली. सूर्य मावळला की वीज बंद, आणि घरातले दिवे, पंखे, फ्रीज यांची खरी गरज त्यानंतरच वाढते. औष्णिक प्रकल्पाची खुबी नेमकी इथे आहे. उष्णता साठवता येते. जगात ठिकठिकाणी सोडियम नायट्रेट आणि पोटॅशियम नायट्रेट या क्षारांचं मिश्रण वितळवून मोठ्या टाक्यांत भरून ठेवतात. दिवसभर ते तापवायचं आणि रात्री त्याच उष्णतेची वाफ करायची. फलोदी मिठागरांसाठी ओळखलं जातं, म्हणून हे ऐकून गंमत वाटते. अर्थात टाकीतलं हे मीठ जेवणातलं नव्हे!

साठ्याची ही गोष्ट लक्षात ठेवा. आता औषधाकडे वळू.

वाळूतून जाणारी गोळी

फलोदीहून रामदेवरा मार्गे पोखरणकडे निघालात की रस्त्याकडेला गावांच्या पाट्या लागतात आणि गावं मात्र दिसत नाहीत. ती आत असतात, पाच-दहा किलोमीटर. इथे 'ढाणी' म्हणतात, म्हणजे शेतातली चार-पाच घरांची वस्ती. अशा ढाणीत राहणाऱ्या कुणाला रक्तदाबाची गोळी रोज लागत असेल, तर ती येते कुठून?

राजस्थानात २ ऑक्टोबर २०११ पासून सरकारी रुग्णालयांत मोफत औषध योजना सुरू झाली. त्यासाठी राजस्थान मेडिकल सर्व्हिसेस कॉर्पोरेशन नावाचं महामंडळ आहे. तमिळनाडूने १९९४ साली असं महामंडळ स्थापन करून वाट दाखवली होती. कल्पना साधी: सगळ्या राज्याची खरेदी एकत्र करायची, म्हणजे भाव कमी मिळतो. कंपनीकडून माल आधी जिल्ह्याच्या औषध भांडाराकडे येतो. तिथे तो लगेच वाटत नाहीत. प्रत्येक बॅचचा नमुना प्रयोगशाळेत जातो आणि अहवाल चांगला आला तरच ती बॅच बाहेर पडते. मग मोठी रुग्णालयं, सामुदायिक आरोग्य केंद्र, प्राथमिक आरोग्य केंद्र आणि शेवटी उपकेंद्र. कुठे किती साठा आहे याची नोंद 'ई-औषधी' या संगणक प्रणालीत ठेवली जाते.

ऐकायला सरळ वाटतं. पण या साखळीत प्रत्येक कडीला एक धोका टांगलेला असतो, आणि औषधाचा कारभार पाहणाऱ्यांचं निम्मं काम या धोक्यांना आधीच ओळखण्याचं असतं.

पहिला धोका उष्णतेचा. बहुतेक गोळ्यांच्या पाकिटावर '२५ अंशांखाली' किंवा '३० अंशांखाली ठेवा' असं छापलेलं असतं. फलोदीच्या जूनमध्ये पत्र्याच्या खोलीत ३० अंश मिळणार कुठून? म्हणून भांडाराची जागा, छप्पर, पंखा, खोके भिंतीपासून आणि जमिनीपासून दूर ठेवणं, हे सगळं उपचाराचाच भाग होतं. बिघडलेली गोळी बऱ्याचदा दिसायला चांगल्या गोळीसारखीच असते. रुग्ण ती नेमाने घेत राहतो आणि गुण का येत नाही हे कुणालाच कळत नाही.

दुसरा धोका वेळेचा. साठा कमी ठेवला तर एखाद्या वादळाने, संपाने, उशिरा आलेल्या ट्रकने औषध संपतं. जास्त ठेवला तर मुदत संपून फेकावं लागतं. यातून मार्ग काढायला नियम असतो की ज्याची मुदत आधी संपते ते आधी द्यायचं, मग ते नंतर आलेलं का असेना. आपल्या घरच्या फडताळात पीठ-डाळींना आजी हाच नियम लावायची, जुनं आधी. शिवाय प्रत्येक केंद्रात ठराविक दिवसांचा जादा साठा राखायचा आणि तो एका रेषेखाली गेला की नवी मागणी नोंदवायची, वाट पाहत बसायचं नाही.

तिसरा धोका फार दूरचा आहे, पण तोच सगळ्यात मोठा. औषध बनतं कुठे?

इथे आपल्याला महाराष्ट्रात यावं लागेल. पिंपरीला १९५४ साली हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला. देशात पेनिसिलीन बनवणं हा त्याचा मूळ हेतू. पुण्यात वाढलेल्या अनेकांना 'एचए' कॉलनी माहीत असेल, तो हाच कारखाना. पुढे बाहेरून येणारा कच्चा माल इतका स्वस्त झाला की देशातलं पेनिसिलीन-जीचं उत्पादन परवडेना आणि ते थांबलं. आपण गोळ्या भरपूर बनवत राहिलो, जगाला विकत राहिलो, पण त्या गोळ्यांतला मूळ घटक मोठ्या प्रमाणावर चीनमधून येऊ लागला.

२०२० च्या सुरुवातीला चीनमधले कारखाने बंद झाले, तेव्हा याचा अर्थ सगळ्यांना एकदम कळला. मार्चमध्ये भारताने पॅरासिटामॉलसह २६ घटकांच्या आणि औषधांच्या निर्यातीवर तात्पुरती बंधनं घातली. त्याच वर्षी हे मूळ घटक देशात बनवण्यासाठी प्रोत्साहन योजना आली आणि पुढे आंध्र प्रदेशात काकीनाडाजवळ पेनिसिलीन-जी पुन्हा बनू लागलं.

आता भडलाचं स्वस्त पॅनेल आठवा. तीच कहाणी आहे. पॅनेल आणि त्यातले सौरघटही बराच काळ मुख्यतः चीनमधून येत राहिले, आणि त्यासाठीही २०२१ मध्ये देशी उत्पादनाची प्रोत्साहन योजना आणावी लागली. स्वस्त मिळतंय म्हणून सगळं एकाच दारातून घेतलं, की त्या दाराला कुलूप लागल्यावर आपण उघड्यावर पडतो. विजेत याचा अर्थ प्रकल्प लांबणं. औषधात याचा अर्थ कुणाचा तरी ताप न उतरणं.

थंडीचा साठा

आता मघाशी म्हटलं होतं तो धागा जोडू.

लसी साधारणपणे २ ते ८ अंशांत ठेवाव्या लागतात. आरोग्य केंद्रात त्यासाठी खास शीतपेटी असते. आपल्या घरच्या फ्रीजसारखा तिला उभा दरवाजा नसतो, झाकण वरून उघडतं. थंड हवा जड असते, त्यामुळे झाकण उघडलं तरी ती खालीच राहते. आणि आतल्या भिंतींच्या कडेने बर्फाचं अस्तर असतं. वीज असताना बर्फ तयार होतो, वीज गेली की तोच बर्फ लसीला सांभाळतो. जिथे वीजच नाही तिथे सौर पॅनेलवर चालणारी शीतपेटी वापरतात. तिच्या नव्या प्रकारात बॅटरीच नसते. दिवसा ऊन बर्फ करतं आणि रात्रभर तो बर्फ पुरतो.

म्हणजे बघा, मिठाच्या टाकीत दिवसाची उष्णता रात्रीसाठी ठेवली, बर्फाच्या अस्तरात दिवसाची थंडी रात्रीसाठी ठेवली, आणि औषध भांडाराने या महिन्याच्या गोळ्या पुढच्या महिन्यासाठी ठेवल्या. तिन्ही ठिकाणी अडचण एकच: मिळतं तेव्हा गरज नसते आणि गरज असते तेव्हा मिळत नाही. उत्तरही एकच, साठा. तोही योग्य जागी आणि योग्य मापाचा.

शीतपेटीतून पुढे लस गावात जाते ती छोट्या डब्यातून. त्याच्या चारही बाजूंना बर्फाच्या लाद्या असतात. तो खांद्याला अडकवून आरोग्यसेविका ढाणीपर्यंत जाते. तुमच्या बाळाला लस टोचून घेताना कुपीवरची एक छोटी खूण पाहायला विसरू नका. बऱ्याच कुप्यांवर एक वर्तुळ आणि आत एक चौकोन असतो. चौकोन बाहेरच्या वर्तुळापेक्षा फिका असेल तर ठीक. उष्णता लागत गेली की तो गडद होतो आणि एकदा गडद झाला की पुन्हा फिका होत नाही. वर्तुळाएवढा किंवा त्याहून गडद झाला, तर ती कुपी वापरायची नाही. चोपडी न वाचता येणाऱ्यालाही कळेल अशी ही युक्ती आहे.

थंडीही जपूनच द्यावी लागते हं. काही लसी गोठल्या तर निकामी होतात. जास्त काळजी म्हणून बर्फाला चिकटवून ठेवली आणि बिघडली, असं इथे होऊ शकतं.

आजीचं इन्सुलिन आणि पोखरणची मटकी

मागे फेब्रुवारीत आम्ही घरचे चौघे या रस्त्याने गेलो तेव्हा आजीही होती. ती रोज इन्सुलिन घेते. थर्मासमधला बर्फ दुपारपर्यंत पाणी झाला होता. पोखरणच्या अलीकडे एका ढाब्यावर थांबलो, तर मालकांनी विचारलं, "माजी की सुई है क्या?" आणि स्वतःहून आतून एक छोटी मटकी आणली. तळाशी ओली वाळू, तिच्यावर एक वाटी, वाटीत कोरड्या प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली बाटली ठेवायची आणि वरून ओलं फडकं. त्यांच्या वडिलांचं इन्सुलिन अनेक वर्षं याच मटकीत राहिलं, असं ते म्हणाले. आजीने मटकीत हात घालून पाहिला आणि म्हणाली, "अगं, आपल्या माठासारखंच की!"

तसंच आहे. मातीच्या छिद्रांतून पाणी झिरपतं, त्याची वाफ होते आणि वाफ होताना ते भांड्यातली उष्णता घेऊन जातं. हवा जितकी कोरडी तितकं हे जास्त चालतं. म्हणून राजस्थानात मटकी जेवढी गार राहते तेवढी दमट कोकणात किंवा गोव्यात राहत नाही. मुंबईकरांनी तिच्यावर विसंबू नये.

ही नुसती आजीबाईंची युक्ती नाही. केनियातल्या दादाब निर्वासित छावणीत घरोघरी फ्रीज नाहीत. तिथल्या तापमानाची नोंद घेऊन जिनिव्हा विद्यापीठ आणि 'डॉक्टर्स विदाऊट बॉर्डर्स' या संस्थेने इन्सुलिनचा अभ्यास केला. २५ ते ३७ अंशांत वरखाली होणाऱ्या तापमानातही तपासलेल्या इन्सुलिनची ताकद चार आठवडे टिकली, असं २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात दिसलं. याचा अर्थ फ्रीज फेकून द्या असा नाही. तुमच्या बाटलीवर कंपनीने जे छापलंय आणि तुमचे डॉक्टर जे सांगतील तेच पाळा. पण फ्रीज नाही म्हणून इन्सुलिनच नाकारलं जाणाऱ्या माणसांसाठी ही फार मोठी बातमी होती.

परतीच्या वाटेवर आबू रोड

जोधपूरहून मुंबईकडे येणाऱ्या काही गाड्या आबू रोडला थांबतात. फलाटावरची रबडी खायला सगळेच उतरतात, तुम्ही सामानासकट उतरा. वर माउंट आबूला जायचंच असतं. देलवाड्याची संगमरवरी मंदिरं आहेत, नक्की तलाव आहे, गुरुशिखर आहे. पण घाट चढायच्या आधी पायथ्याशी ब्रह्माकुमारी संस्थेच्या 'इंडिया वन' या सौर औष्णिक प्रकल्पाची चौकशी करा. आधी विचारूनच जा.

नोखच्या मानाने हा छोटा, फक्त १ मेगावॉटचा. पण इथे साठ्याची गोष्ट डोळ्यांनी पाहता येते. ७७० मोठ्या तबकड्या, प्रत्येकी ६० चौरस मीटर आरशांची. प्रत्येक तबकडी आपलं ऊन एका बिडाच्या ठोकळ्यावर टाकते. आपल्या जुन्या तव्याचं तेच बीड. तवा चुलीवरून उतरवला तरी बराच वेळ भाकरी शेकतो ना, तसंच. दिवसभर तापलेल्या बिडातून रात्री वाफ काढता येते. एकूण १६ तास चालेल इतकी उष्णता साठावी, अशी त्याची रचना आहे. भारत आणि जर्मनी, दोन्ही सरकारांनी याला मदत केली.

याच संस्थेच्या शांतिवन आवारात त्याआधीपासून उन्हाच्या वाफेवर हजारो माणसांचा स्वयंपाक होतो. तशाच तबकड्या तुम्ही शिर्डीत साई प्रसादालयाच्या छपरावर पाहिल्या असतील. तिथे २००९ मध्ये ७३ तबकड्या बसवल्या. लातूरला महानंदच्या डेअरीत दूध तापवायला 'अरुण' नावाची मोठी सौर तबकडी बसवली होती. म्हणजे हे तंत्र विजेच्या शर्यतीत मागे पडलं, तरी थेट वाफ लागते तिथे त्याला अजून काम आहे.

आणि वाफ कुठे लागते? रुग्णालयात. शस्त्रक्रियेची उपकरणं निर्जंतुक करायला १२१ अंशांची दाबाखालची वाफ साधारण १५ मिनिटं द्यावी लागते. औषध कारखान्यालाही वाफ लागते. चारशे अंश तेल तापवणाऱ्या उन्हाला १२१ म्हणजे काहीच नाही. जे ऊन औषध बिघडवतं, तेच औषधाच्या कामाला लावता येतं, फक्त मधे आरसा हवा.

निघण्यापूर्वी औषधांची पिशवी अशी भरा

* रोजची औषधं प्रवासाच्या दिवसांपेक्षा निदान आठवडाभर जास्त घ्या आणि दोन वेगळ्या पिशव्यांत ठेवा. एक पिशवी हरवली तरी दुसरी असते.
* औषधं मूळ पाकिटातच ठेवा. मुदत आणि बॅच त्यावरच असते. डॉक्टरांच्या चिठ्ठीचा फोटो घरातल्या दोघांच्या मोबाईलमध्ये ठेवा. औषधाचं ब्रँडनाव दुसऱ्या राज्यात मिळेलच असं नाही, म्हणून मूळ औषधाचं नाव लिहून घ्या.
* बंद गाडीत औषध ठेवून फिरायला जाऊ नका. बाहेर ३० अंश असताना गाडीत तासाभरात ४५ च्या पुढे जातं. दम्याचा पंप तर गाडीत मुळीच नको.
* इन्सुलिन बर्फाला थेट टेकवू नका. एकदा गोठलेलं इन्सुलिन पुन्हा वितळलं तरी वापरायचं नाही. विमानाने जात असाल तर ते हातातल्या बॅगेत घ्या.
* थायरॉइडच्या गोळ्यांना उष्णता आणि ओल दोन्ही बाधतात. हॉटेलच्या बाथरूममधल्या फळीवर ठेवू नका.
* गोळीचा रंग बदलला, कॅप्सूल एकमेकींना चिकटल्या, एरवी स्वच्छ दिसणारं इन्सुलिन गढूळ झालं, तर ते घेऊ नका. औषध दुकानदाराला विचारा.
* जलसंजीवनीची पाकिटं बरोबर ठेवा. पाण्यात कालवलेली २४ तासांत संपवा, उरली तर टाका.
* रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी घेणाऱ्यांनी उन्हाळी प्रवासाआधी डॉक्टरांशी बोलावं. गोळी मनाने बंद करू नये.

यासाठी राजस्थानलाच जायला हवं असं नाही. आजच घरातला औषधांचा डबा उघडा. तो कुठे आहे ते पाहा: गॅसच्या शेजारी, खिडकीच्या उन्हात की फ्रीजच्या वर, जिथे सतत गरम असतं? मुदत संपलेली किती आहेत? आजी-आजोबांची रोजची गोळी अजून किती दिवस पुरेल? पट्टीत दहा गोळ्या उरल्या की नवी आणायची, असा एक आकडा घरात ठरवून टाका आणि हे काम घरातल्या एखाद्या मुलाकडे सोपवा. मुलं असली कामं फार मनापासून करतात.

आणि नोव्हेंबरमध्ये तिकीट मिळालं तर फलोदीला जा. कुरजा पाहा, वाळूतलं ऊन अंगावर घ्या. रस्त्यात खांद्याला निळा डबा अडकवून चालत निघालेली एखादी ताई दिसली, तर गाडी थोडी हळू करा. तिच्या डब्यातला बर्फ तिला शेवटच्या ढाणीपर्यंत पुरवायचा असतो.